अभिरूप विधानसभेची मुदत बदलायची आहे? आकडा खोडण्याआधी ही कामं क्रमाने करा

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर काही जण आमदार, सरकार आणि निवडणुका यांचा खेळ खेळतात; त्याला अभिरूप विधानसभा म्हणतात. अशा खेळात काही महिने गेले की एक मागणी हमखास येते. "मुदत पुरत नाही, वाढवा." किंवा उलट, "सभागृह थंड पडलंय, मुदत कमी करून लवकर निवडणूक घ्या." मग कोणीतरी एका ओळीचं विधेयक आणतं. ‘आठ आठवडे’ खोडून ‘बारा आठवडे’ लिहिलं जातं, ते मंजूर होतं, आणि पंधरा दिवसांत भांडणं सुरू होतात. आत्ता बसलेलं सभागृह आठ आठवडे राहणार की बारा? रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक घ्यायची की नाही? आणि बॉटने (सर्व्हरवर आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमने) जुन्या तारखेला सगळ्यांचा आमदार हा रोल (सदस्याला दिलेली ओळख आणि अधिकार) काढून घेतला, तो परत कोणी द्यायचा?

या भांडणांतून चांगले खेळाडू सोडून जातात. ती जवळजवळ सगळी टाळता येतात, कारण चूक दर वेळी तीच असते: मुदत हा एकच आकडा आहे असं समजलं जातं. प्रत्यक्षात त्या आकड्याला दहा-बारा लहान घड्याळं बांधलेली असतात. खालचा क्रम त्यासाठीच आहे. तो नियामक (सर्व्हर चालवणारे), अध्यक्ष आणि विधेयकाचा मसुदा लिहिणारे सदस्य अशा तिघांनाही लागेल.

हिशेबासाठी सगळीकडे एकच नमुना खेळ धरतो. विधानसभा २१ जागांची, मुदत ८ आठवडे. परिषद, म्हणजे दुसरं सभागृह, ९ जागांची, सदस्याची मुदत १२ आठवडे, दर ४ आठवड्यांनी ३ सदस्य निवृत्त. चौथ्या विधानसभेची पहिली बैठक सोमवार, ५ जानेवारी २०२६. आता विधानसभेची मुदत १२ आठवडे करायची आहे.

## टप्पा १: दुखणं मुदतीचंच आहे का, ते तपासा

मुदत वाढवण्याचं कारण बहुतेक वेळा "विधेयकं अर्धवट राहतात" हे असतं. म्हणून आधी कामाचे आठवडे मोजा. नमुना खेळात पहिला आठवडा शपथविधी, अध्यक्षांची निवड आणि सरकार बनवण्यात जातो. शेवटचे दोन आठवडे अर्ज, प्रचार आणि मतदानात जातात. म्हणजे ८ पैकी कामाचे आठवडे ५, दिवस ३५.

आता एका विधेयकाला लागणारे दिवस मांडा. पहिली चर्चा ३ दिवस, दुरुस्त्या ४ दिवस, मतदान २ दिवस, परिषदेत ५ दिवस: एकूण १४. पस्तीस दिवसांत एकामागोमाग एक अशा दोनच पूर्ण फेऱ्या बसतात, तिसरी अर्धवट राहते. मुदत १२ आठवडे केली तर कामाचे आठवडे ९, दिवस ६३, आणि पूर्ण फेऱ्या चार. फायदा खरा आहे.

पण दुसरी बाजूही मांडा. दुरुस्त्यांचे ४ दिवस २ वर आणि परिषदेचे ५ दिवस ३ वर आणले, तर फेरी १० दिवसांची होते आणि आहे त्याच ३५ दिवसांत तीन फेऱ्या बसतात. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, कामकाजाच्या नियमांतला बदल पुरतो. माझा अनुभव असा की दर दोन मागण्यांपैकी एक इथेच मिटते.

तपासा: मागच्या दोन सभागृहांत किती विधेयकं व्यपगत झाली (मुदत संपल्याने आपोआप बाद झाली) आणि ती कोणत्या आठवड्यात मांडली होती, ते काढा. बहुतेक शेवटच्या दहा दिवसांत मांडलेली असतील, तर मुदत कितीही वाढवा, ती तशीच पडतील.

## टप्पा २: घड्याळांची यादी करा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. घटना, निवडणूक नियम, कामकाजाचे नियम, पिन केलेले संदेश आणि बॉटची मांडणी हे सगळं उघडून बसा. जिथे जिथे दिवस, आठवडा, महिना किंवा ‘मुदतीच्या अमुक भागात’ असा उल्लेख आहे, ती प्रत्येक ओळ एका शीटमध्ये उतरवा. चार रकाने पुरतात: तरतूद कुठे आहे, आजचा आकडा, तो कशाला बांधलेला आहे, बदलानंतरचा आकडा.

सहसा सापडतात ती घड्याळं अशी:

- विधानसभेची कमाल मुदत, आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची
- निवडणूक जाहीर होणं, अर्ज, माघार, प्रचार, मतदान, मोजणी
- आचारसंहिता कधीपासून
- अध्यक्ष आणि उपाध्यक्षांची मुदत
- अविश्वास ठराव फेटाळल्यावर पुन्हा आणण्याआधीचा कालावधी
- दोन बैठकांमधलं कमाल अंतर
- पोटनिवडणुकीची अट
- गैरहजेरीमुळे सदस्यत्व जाण्याचे दिवस
- अर्थसंकल्प किती काळासाठी
- परिषदेचं निवृत्तिचक्र
- एका व्यक्तीला सलग किती वेळा मुख्यमंत्री होता येईल, ही मर्यादा असल्यास ती

यांत पोटनिवडणुकीचं घड्याळ हमखास विसरलं जातं. खऱ्या कायद्यात ते कसं बांधलंय ते बघा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५१अ प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते, पण त्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर ही सक्ती नाही. पाच वर्षांत एक वर्ष, म्हणजे एक पंचमांश. नमुना खेळात ८ आठवड्यांच्या मुदतीत ‘शेवटचे ११ दिवस पोटनिवडणूक नाही’ असा नियम याच प्रमाणात बसतो. मुदत १२ आठवडे केली आणि ११ दिवस तसेच ठेवले, तर शेवटून तेराव्या दिवशी रिकाम्या झालेल्या जागेवर पोटनिवडणूक घ्यावी लागेल, तीही सार्वत्रिक निवडणुकीचे अर्ज भरणं चालू असताना. नवीन आकडा १७ दिवस हवा.

प्रत्येक घड्याळ प्रमाणात ताणायचं नसतं, हेही ध्यानात घ्या. मतदानाचे तीन दिवस तीनच राहू द्या, कारण माणसांना मत द्यायला लागणारा वेळ मुदतीवर अवलंबून नाही. गैरहजेरीची मर्यादा १० दिवस असेल तर ती १५ करू नका. लांब मुदतीत निष्क्रिय सदस्याचा त्रास उलट जास्त काळ होतो. अविश्वास ठरावामधलं अंतर मात्र वाढवा. ते १४ दिवसच ठेवलं, तर लांब मुदतीत सरकारला तोच ठराव तीन-चार वेळा झेलावा लागतो.

परिषद असेल तर लघुत्तम सामाईक विभाज्य काढा. शाळेतलं ते गणित इथे खरंच कामी येतं. परिषदेच्या जागा दर ४ आठवड्यांनी भरायच्या आहेत. विधानसभा १२ आठवड्यांची केली तर तिची प्रत्येक निवडणूक परिषदेच्या दर तिसऱ्या निवडणुकीसोबत येते आणि एकाच मतपत्रिकेत काम होतं. ती १० आठवड्यांची केली तर दोन्ही निवडणुका २० आठवड्यांतून एकदाच जुळतील. मधल्या काळात खेळाडू जवळजवळ कायम मतदानच करत राहतील. वाटाघाटीत "१२ नको, १० वर मिटवू" असा तोडगा नेहमी निघतो. तो स्वीकारण्याआधी हा हिशेब सभागृहापुढे ठेवा.

> सावधान: एकच आकडा दोन ठिकाणी लिहिलेला असेल तर दोन्ही बदला. ४२व्या घटनादुरुस्तीने १९७६मध्ये लोकसभा आणि विधानसभांची मुदत सहा वर्षं केली, ४४व्या घटनादुरुस्तीने १९७८मध्ये ती परत पाच केली. जम्मू-काश्मीरने मात्र स्वतःच्या राज्यघटनेत सहा वर्षं केली होती आणि ती २०१९पर्यंत तशीच राहिली. तिथे वेगळी घटना होती म्हणून ते चाललं. आपल्या सर्व्हरवर घटनेत १२ आणि निवडणूक नियमांत ८ राहिले, तर दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचं कलम दाखवतील.

## टप्पा ३: पुढच्या चार मुदती कॅलेंडरवर टाकून बघा

मसुदा लिहिण्याआधी तारखा मांडा, नंतर नाही. आणि महिन्यांत मोजू नका, दिवसांत मोजा. दोन महिने म्हणजे कधी ५९ दिवस तर कधी ६२.

पहिला दिवस धरायचा की सोडायचा, यावरून एक दिवसाचा फरक पडतो आणि त्या एका दिवसात अविश्वास ठरावही मंजूर होऊ शकतो. पहिल्या बैठकीचा दिवस हा पहिला दिवस धरला, तर चौथ्या विधानसभेचा ५६वा आणि शेवटचा दिवस रविवार, १ मार्च २०२६. पाचवी २ मार्चला बसेल. तिथून ८४ दिवसांच्या हिशेबाने:

- पाचवी: २ मार्च ते २४ मे
- सहावी: २५ मे ते १६ ऑगस्ट
- सातवी: १७ ऑगस्ट ते ८ नोव्हेंबर
- आठवी: ९ नोव्हेंबरपासून

मतदान शेवटच्या गुरुवार ते शनिवार आणि मोजणी रविवारी असेल, तर आठव्या विधानसभेचं मतदान ५ ते ७ नोव्हेंबर आणि मोजणी ८ नोव्हेंबरला येते. त्या दिवशी लक्ष्मीपूजन आहे. अर्धे खेळाडू फराळाच्या ताटाशी आणि उरलेले गावी जाणाऱ्या गाडीत. जुन्या ८ आठवड्यांच्या चक्रात निवडणूक दिवाळीवर आलीच नसती. हे नव्या आकड्यामुळे घडतंय. खेळात बारावीचे विद्यार्थी असतील तर फेब्रुवारी-मार्चही असाच तपासा.

उपाय सोपा आहे, पण तो आधीच कायद्यात हवा: निवडणूक अधिकाऱ्याला मतदान जास्तीत जास्त दहा दिवस अलीकडे घेण्याचा अधिकार द्या. मग मतदान २९ ते ३१ ऑक्टोबरला होईल, आणि विधानसभा मात्र ८ नोव्हेंबरलाच संपेल. मतदान पुढे ढकलण्याचा अधिकार देऊ नका. पुढे ढकललं की जुनं सभागृह संपलेलं आणि नवं निवडलेलं नाही असे दिवस तयार होतात, आणि तेव्हा सरकार कोणाला उत्तर देणार हा प्रश्न सुटत नाही.

वेळेचंही तेच. मतदान रात्री ९ ला बंद होतं असं नुसतं लिहू नका, भारतीय प्रमाणवेळ असं लिहा. न्यू जर्सीतल्या खेळाडूसाठी ते हिवाळ्यात सकाळी साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेअकरा असतं; लंडनमध्ये दुपारी साडेतीन किंवा साडेचार. २०२६मध्ये अमेरिकेतली घड्याळं ८ मार्चला आणि ब्रिटनमधली २९ मार्चला पुढे सरकतात, म्हणजे दोन्ही बदल पाचव्या विधानसभेच्या काळात येतात. डिस्कॉर्डची टाइमस्टॅम्पची सोय प्रत्येकाला त्याच्या स्थानिक वेळेत तारीख दाखवते. घोषणांमध्ये तीच वापरा.

तपासा: शीटमध्ये पहिल्या बैठकीची तारीख एकाच चौकोनात असावी आणि बाकी सगळ्या तारखा तिच्यावरून सूत्राने निघाव्यात. तो एक चौकोन बदलून बघा. एखादी तारीख जागची हलली नाही, तर ती कोणीतरी हाताने टाकलेली आहे.

## टप्पा ४: मसुदा लिहा

आता विधेयक. नमुन्यातली कलमं अशी ठेवा:

१. घटनेतील ‘छप्पन्न दिवस’ या शब्दांऐवजी ‘चौऱ्याऐंशी दिवस’ हे शब्द दाखल करण्यात येतील.

२. ही मुदत विधानसभेच्या पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या दिवसापासून मोजण्यात येईल आणि तो दिवस पहिला दिवस समजण्यात येईल.

३. मुदत समाप्त होताच विधानसभा आपोआप विसर्जित होईल. त्यासाठी वेगळ्या आदेशाची आवश्यकता असणार नाही.

४. ही दुरुस्ती पाचव्या विधानसभेपासून लागू होईल. दुरुस्ती मंजूर होताना अस्तित्वात असलेल्या विधानसभेची मुदत या दुरुस्तीमुळे वाढणार नाही किंवा कमी होणार नाही.

५. मुदतपूर्व विसर्जनानंतर निवडून आलेल्या विधानसभेची मुदत पूर्ण चौऱ्याऐंशी दिवसांची असेल.

६. अनुसूचीत दर्शवलेल्या कालावधींत त्यांच्यासमोर दिल्याप्रमाणे बदल होतील.

दुसरं आणि तिसरं कलम मनाने रचलेलं नाही. भारतीय संविधानाचा अनुच्छेद १७२ हेच करतो: विधानसभेची पाच वर्षं पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या दिनांकापासून मोजली जातात, आणि मुदत संपणं म्हणजेच विसर्जन. निकालाच्या दिवसापासून मोजलंत, तर मोजणी वादात अडकली की मुदतही वादात अडकते.

चौथं कलम हा या सगळ्याचा कणा आहे. ज्यांना आठ आठवड्यांसाठी निवडून दिलं, त्यांनी स्वतःलाच आणखी चार आठवडे घ्यावेत, हे मतदारांनी मान्य केलेलं नसतं. १९७६मध्ये आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा मधु लिमये आणि शरद यादव यांनी याच तत्त्वावर सदस्यत्वाचा राजीनामा दिला होता. श्रीलंकेत १९७७मध्ये निवडलेली संसद १९८२च्या सार्वमताच्या आधारे १९८८च्या अखेरीपर्यंत चालली. खेळात एवढं काही पणाला नसतं, पण विरोधी पक्षात बसलेल्या खेळाडूला लागतं ते तेच. तो पुढच्या निवडणुकीची तयारी करत होता, आणि ती निवडणूकच त्याच्यापासून हिरावली जाते.

मुदत कमी करतानाही चौथं कलम तितकंच गरजेचं आहे. तिथे धोका उलटा असतो: बहुमतवाल्यांनी मुदत कमी करून परिषदेतल्या नावडत्या सदस्यांना घरी पाठवायचं. पंचायतींसाठी अनुच्छेद २४३ई मध्ये यावर थेट उपाय आहे. कायद्यातल्या कोणत्याही दुरुस्तीमुळे त्या वेळी काम करत असलेली पंचायत मुदतीआधी विसर्जित होत नाही.

पाचव्या कलमात खरी निवड तुमची आहे. अनुच्छेद १७२ प्रमाणे विधानसभेला मध्यावधीनंतर पूर्ण मुदत मिळते. पंचायतीला २४३ई प्रमाणे उरलेलीच मुदत मिळते. उरलेली मुदत दिली तर निवडणुकांच्या तारखा कायम ठरलेल्या राहतात आणि परिषदेशी जुळणी टिकते. पण दोन-तीन आठवड्यांसाठी निवडून येण्यात कोणाला उत्साह नसतो. म्हणून लहान खेळात मी पूर्ण मुदतीच्या बाजूने आहे. जुळणी मोडली तर परिषदेची एखादी निवडणूक अलीकडे घेता येते. जे काही ठरवाल ते लिहा. हे कलम गाळलेलं असतं आणि पहिलं सरकार पडतं त्या रात्री सगळ्यांना आठवतं.

परिषदेचीच मुदत बदलायची असेल, समजा १२ ऐवजी १८ आठवडे, तर निवृत्ती दर ६ आठवड्यांनी येईल आणि संक्रमणात कोण आधी निवृत्त होणार हे ठरवावं लागेल. अमेरिकेच्या सेनेटने १७८९मध्ये आपले तीन वर्ग चिठ्ठ्या टाकून ठरवले होते. तुम्हीही सगळ्यांसमोर चिठ्ठ्याच टाका. मतांच्या क्रमाने किंवा ज्येष्ठतेने वाटणी केली की पक्षपाताचा आरोप येतोच.

## टप्पा ५: मंजुरी, आणि मतांची मोजणी

भारतीय नमुन्यावर चालणाऱ्या खेळांत घटनादुरुस्तीला दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश. अध्यक्ष इथे नेहमी अडखळतात. २१ जणांच्या सभागृहात:

- १५ जणांनी मत दिलं, १० बाजूने: दोन तृतीयांश झालं, पण एकूण सदस्यसंख्येचं बहुमत ११ आहे. विधेयक पडलं.
- १८ जणांनी मत दिलं, १२ बाजूने: दोन्ही अटी पूर्ण. मंजूर.
- २१ जणांनी मत दिलं, १३ बाजूने: १४ हवे होते. पडलं.

तटस्थ राहणारा ‘मतदान करणाऱ्यांत’ धरला जात नाही. त्याला धरून दोन तृतीयांश काढलंत तर मंजूर झालेलं विधेयक पडलं असं जाहीर कराल.

परिषद असेल तर आणखी एक कलम उघडून बघा: परिषदेने अडवलेलं विधेयक विधानसभा दुसऱ्यांदा मंजूर करून पुढे नेऊ शकते का? नेऊ शकत असेल तर मुदतवाढीचं विधेयक त्यातून वगळा. ब्रिटनने १९११च्या पार्लमेंट ॲक्टमध्ये लॉर्ड्स सभेचे (वरिष्ठ सभागृहाचे) अधिकार कापले, पण संसदेची कमाल मुदत पाच वर्षांपुढे नेणारं विधेयक अडवण्याचा तिचा अधिकार मुद्दाम शाबूत ठेवला.

सभागृहाबाहेरचे खेळाडूही मतदार आहेत. प्रश्न फार तापला असेल तर सार्वमत घ्या. न्यूझीलंडमध्ये संसदेची मुदत बदलायला ७५ टक्के सदस्य किंवा सार्वमत लागतं. १९६७ आणि १९९० अशा दोन्ही वेळी लोकांनी चार वर्षांची मुदत नाकारली आणि तीनच ठेवली. सार्वमत गुप्त हवं असेल तर डिस्कॉर्डची अंगभूत मतचाचणी वापरू नका. तिथे कोणी कुठे मत दिलं हे सगळ्यांना दिसतं.

> सावधान: हे विधेयक मुदतीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मांडू देऊ नका. तेव्हा प्रत्येक पक्षाला आपले निवडणुकीचे अंदाज आलेले असतात आणि मत आकड्यावर न पडता त्या अंदाजांवर पडतं. नमुना खेळात तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, म्हणजे १९ जानेवारी ते ८ फेब्रुवारी या काळात ते पूर्ण व्हायला हवं.

## टप्पा ६: सर्व्हरवरचे बदल

मंजुरीआधी बॉटला हात लावायचा नाही, आणि मंजुरीनंतर तीन दिवसांत सगळं आटपायचं. क्रम असा:

१. शीट आणि बॉटच्या मांडणीची प्रत काढून बाजूला ठेवा.

२. घटनेचा पिन केलेला मजकूर दुरुस्त करा. जुना मजकूर पुसू नका. तो तारीख घालून जुन्या कायद्यांच्या चॅनेलमध्ये हलवा. चौथ्या विधानसभेला अजून तोच लागू आहे.

३. चौथ्या विधानसभेचं रोल काढण्याचं वेळापत्रक तसंच राहू द्या. १ मार्च संपताच ते चाललं पाहिजे. बहुतेक जण इथे घाईने नवा आकडा टाकतात, आणि बॉट जुन्या सभागृहालाच १२ आठवडे देऊन बसतो.

४. पाचव्या विधानसभेच्या सगळ्या तारखांची वेगळी नोंद टाका. जुन्या नोंदीत फेरफार करू नका.

५. आधीच तयार करून ठेवलेले डिस्कॉर्ड इव्हेंट, आठवणीचे संदेश आणि निवडणुकीचा फॉर्म तपासा. फॉर्ममध्ये ‘आठ आठवड्यांसाठी’ असं वाक्य राहून गेलेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय, आणि त्यावर हरलेल्या उमेदवाराने घेतलेली हरकत योग्यच होती.

६. खाजगी चॅनेलमध्ये दोन चाचणी खात्यांवर रोल देणं-काढणं चालवून बघा.

मग घोषणा करा. ती लहान असावी: काय बदललं, कोणापासून लागू, चालू सभागृह कधी संपणार, पुढचं कधी संपणार. चौथ्या विधानसभेची तारीख बदललेली नाही हे पहिल्याच ओळीत लिहा. विचारणा त्याचीच होणार आहे.

## टप्पा ७: पहिल्या लांब मुदतीवर लक्ष ठेवा

पाचव्या विधानसभेच्या सातव्या-आठव्या आठवड्यात हजेरी घसरते. खेळाडूंच्या अंगवळणी जुनी लय पडलेली असते, निवडणूक जवळ आली की जागे व्हायचं. आता तिथे चार आठवडे मोकळे आहेत. अर्थसंकल्प मुद्दाम या काळात आणा किंवा विशेष अधिवेशन ठेवा. मतदानातली हजेरी दर आठवड्याला शीटमध्ये नोंदवा. सलग तीन आठवडे निम्म्याहून कमी सदस्य मत देत असतील तर २१ जागांच्या सभागृहाला १२ आठवडे झेपत नाहीत, आणि सहावी विधानसभा बसण्याआधी मुदत १० वर आणण्याचा किंवा जागा कमी करण्याचा विचार करावा लागेल. तसं करायचं झालं तर पुन्हा टप्पा १ पासून.

## बदल आधीच चुकला असेल तर

हे वाचणाऱ्यांपैकी काही जणांचं एका ओळीचं विधेयक आधीच मंजूर झालेलं असणार. कोणत्या टप्प्यावर आहात त्यावर उपाय ठरतो.

जुनी मुदत अजून संपलेली नसेल तर काम सोपं आहे. ‘पुढील विधानसभेपासून लागू’ एवढं कलम आणि घड्याळांची अनुसूची असलेली पूरक दुरुस्ती आजच मांडा आणि जुन्या तारखेलाच निवडणूक घ्या.

जुनी मुदत उलटून गेली आहे आणि सभागृह वाढीव काळात बसतंय, तर नवी विधेयकं आणि नेमणुका थांबवा. सरकार फक्त काळजीवाहू राहील असं नियामकांनी जाहीर करावं आणि सर्वांत लवकरची निवडणूक लावावी. अर्जाला ३ दिवस, प्रचाराला ४, मतदानाला ३, असे दहा दिवस पुरतात. या काळात कोणावरही हेतूचा आरोप करू नका. बहुतेक वेळा मसुदा लिहिणाऱ्याला परिणाम ठाऊकच नसतो.

वाढीव काळात मंजूर झालेल्या कायद्यांचं काय, हा शेवटचा प्रश्न. ते सरसकट रद्द केले तर ज्यांनी त्यावर मेहनत घेतली त्यांचं नुकसान होतं. त्याच सभागृहाने ते वैध ठरवले तर स्वतःच्या मुदतवाढीवर त्यानेच शिक्का मारल्यासारखं होतं. म्हणून त्यांची यादी करा, प्रत्येकापुढे तारीख आणि मिळालेली मतं लिहा, आणि नव्या विधानसभेच्या पहिल्या आठवड्यात, अध्यक्षांच्या निवडीनंतर लगेच, एकेका कायद्यावर वेगळं मतदान घ्या. जो मंजूर होईल तो मूळ तारखेपासून वैध. जो पडेल तो त्या दिवसापासून रद्द, पण तोवर त्याखाली झालेला खर्च आणि नेमणुका कायम, असं त्या ठरावातच लिहून ठेवा.